बहिरा रेडिओ : अमेरिकी ट्रकमधला सीबी संच आणि ऐकू न येण्याची कारणे

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये चालकाच्या डोक्यावरच्या फळीत किंवा उजव्या हाताशी विटेएवढी एक पेटी बसवलेली असते. तिला गुंडाळीदार वायरचा माइक लटकत असतो. हा सिटिझन्स बँड रेडिओ, बोलण्यातला सीबी. त्याला मासिक वर्गणी नाही, नंबर फिरवावा लागत नाही, मोबाइलचा मनोरा लागत नाही. बटण दाबून बोलले की काही मैलांच्या परिघात त्याच चॅनेलवर असलेल्या प्रत्येकाला ते ऐकू जाते. ‘पुढच्या उतारावर बर्फ आहे’, ‘डावी लेन बंद केली आहे’, ‘पुलापलीकडे ट्रक आडवा झालाय, वेग कमी करा’ असे निरोप समोरून येणारा अनोळखी चालक देऊन जातो.

मी दूरसंचार क्षेत्रात काम करतो. शिक्षण पुण्यात झाले, नोकरीने नेब्रास्कात आणले. गेली अनेक वर्षे सुट्टीच्या दिवशी मी इंटरस्टेट ८० या महामार्गालगतच्या एका ट्रक थांब्यावर, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हातभार लावतो. तिथे येणाऱ्या चालकांची तक्रार बहुधा एकाच वाक्याची असते : ‘नीट ऐकू येत नाही.’ आणि त्यापुढची मागणीही ठरलेली : ‘नवा संच द्या.’ माझा अनुभव असा की दोष संचात क्वचितच असतो. तो असतो आरशाच्या पट्टीत, एखाद्या वॉशरमध्ये, दाराखाली चेंगरलेल्या केबलमध्ये किंवा शेजारीच लावलेल्या स्वस्त चार्जरमध्ये. कधी तो सूर्यावर असतो. ऐकू येणे नेमके कुठे हरवते आणि ते कोणत्या क्रमाने शोधावे, हे या लेखात मांडायचे आहे. विषय परक्या रस्त्यावरचा असला तरी त्यातले विज्ञान कोणत्याही रेडिओला लागू पडणारे आहे.

चॅनेल १९ची गोष्ट

अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सामान्य नागरिकांसाठी खुला केला. तेव्हा त्यात २३ चॅनेल होते. छोटे व्यावसायिक, शेतकरी, हौशी मंडळी ते वापरत. ट्रकचालकांनी सीबी खऱ्या अर्थाने आपलासा केला तो १९७३च्या तेलटंचाईत. डिझेल कुठल्या पंपावर शिल्लक आहे हे एकमेकांना कळवायला त्याचा उपयोग होऊ लागला. जानेवारी १९७४मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. मैलावर मोबदला मिळणाऱ्या चालकाच्या पोटावरच ती आली. मग पोलिसांची गाडी कुठे दबा धरून बसली आहे, याच्याही बातम्या हवेतून फिरू लागल्या. १९७५चे ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे आणि १९७७चा ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट यांनी ही भाषा घरोघर नेली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही सीबीवर ‘फर्स्ट मामा’ असे टोपणनाव घेतले होते. १ जानेवारी १९७७पासून चॅनेल ४० झाले आणि १९८३मध्ये परवान्याची अट गेली.

आज चॅनेल ९ आणीबाणीसाठी राखीव आहे. ट्रकचालकांचा चॅनेल म्हणजे १९, वारंवारता २७.१८५ मेगाहर्ट्झ. नेहमीच्या एएम पद्धतीत प्रक्षेपणाची कायदेशीर मर्यादा फक्त ४ वॅट आहे. आपल्याकडचा जुना झिरोचा दिवा १५ वॅटचा असे. म्हणजे त्याच्या पाव हिश्श्याहून थोड्या जास्त शक्तीवर हा सगळा व्यवहार चालतो. मोबाइलच्या काळातही सीबी टिकण्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. जानेवारी २०१२पासून व्यापारी वाहनाच्या चालकाला गाडी चालवताना फोन हातात धरण्यास बंदी झाली. सीबी त्या बंदीत येत नाही.

ऐकू येणे म्हणजे काय?

चालक म्हणतो, ‘संच कमजोर झालाय.’ वास्तविक साधा सीबी संचदेखील अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या, म्हणजे व्होल्टच्या वीस लाखांश भागाच्या आसपासचा संकेत पकडू शकतो. संवेदनशीलता भरपूर असते. पण संकेत जसा पकडला जातो तसाच गोंगाटही पकडला जातो. कुजबुज ऐकायला कान तीक्ष्ण असून भागत नाही, खोलीही शांत लागते. एसटी स्टँडवर तीक्ष्ण कानाचा माणूसही कुजबुज ऐकू शकत नाही. तेव्हा खरा प्रश्न दोन गोष्टींच्या गुणोत्तराचा असतो : अँटेनाने किती संकेत आणला आणि त्याबरोबर किती गोंगाट आला.

या गुणोत्तराचा रस्त्यावर काय परिणाम होतो याचा एक ढोबळ हिशेब करून पाहू. संचावरचा काटा किंवा दिव्यांची रांग संकेताची ताकद ‘एस’ या मापात दाखवते. एक एस म्हणजे साधारण ६ डेसिबल, म्हणजेच शक्ती चौपट. (स्वस्त संचांवरचे हे माप काटेकोर नसते, पण तुलनेला पुरते.) जमिनीलगत, कमी उंचीच्या दोन अँटेनांमध्ये लहर जाते तेव्हा अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे दोन एसने कमी होते. आता ट्रकमधला गोंगाट एस १वरून एस ५वर गेला, म्हणजे चार एसने वाढला असे समजा. तेवढी भरपाई व्हायची तर बोलणारा दोन वेळा निम्म्या अंतरावर यायला हवा. पूर्वी ४ मैलांवरून ऐकू येणारा माणूस आता १ मैलावर आल्यावरच ऐकू येईल.

ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एक मैल ५५ सेकंदांत कापतो. चार मैलांवर इशारा मिळाला तर चालकाच्या हाती ३ मिनिटे ४० सेकंद असतात. एक मैलावर मिळाला तर ५५ सेकंद. अमेरिकेत पूर्ण भरलेल्या ट्रकच्या वजनाची सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, सुमारे ३६ टन आहे. असा ट्रक या वेगाने कोरड्या रस्त्यावर थांबवायला दीडशे मीटरहून अधिक अंतर लागते. बर्फावर ते कित्येक पटींनी वाढते. आमच्या नेब्रास्कातून पश्चिमेला निघालेला ट्रक वायोमिंगमध्ये शिरतो. तिथे हाच महामार्ग शर्मन शिखरापाशी ८,६४० फुटांवर चढतो आणि पुढे लॅरामी ते रॉलिन्स हा वाऱ्याचा टापू लागतो. त्या टप्प्यातला एक भाग ऑक्टोबर १९७०मध्ये खुला झाला आणि अवघ्या काही दिवसांत बर्फामुळे बंद करावा लागला. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात चालकांनी त्याला ‘स्नो ची मिन्ह ट्रेल’ असे नाव ठेवले, ते अजून चालते. वाऱ्याने उडणाऱ्या भुरभुर बर्फात समोरचे काही दिसत नाही, तेव्हा मिळालेली ती पावणेतीन मिनिटे म्हणजे थांबणे आणि आदळणे यांतला फरक असू शकतो.

आधी बटणे

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी संचाच्या तोंडाकडे पाहावे. स्क्वेल्च नावाचे बटण ठरावीक ताकदीखालचा सगळा आवाज बंद करते. सततच्या खरखरीला कंटाळून चालक ते पिळत नेतो आणि खरखरीबरोबर दूरचा माणूसही कापला जातो. बरोबर जागा म्हणजे खरखर नुकतीच थांबते तो बिंदू, त्यापुढे नाही. आरएफ गेन पूर्ण उघडा असावा. ‘पीए’ आणि ‘सीबी’ असा खटका असेल तर तो पीएवर गेलेला नाही ना, हे पाहावे. पीएवर संच नुसता भोंगा होतो, रेडिओ राहत नाही. अनेक संचांत स्पीकरचा मार्ग माइकच्या प्लगमधून जातो. माइक सैल असेल तर ऐकूच येत नाही. बाहेरच्या स्पीकरची खोबण मळली तरी तेच होते. हे सगळे तपासायला पाच मिनिटे लागतात आणि बऱ्याचदा काम तिथेच संपते.

अँटेनाचा न दिसणारा अर्धा भाग

२७.१८५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ मीटर. उत्तम अँटेना तिच्या पाव लांबीची, म्हणजे पावणेतीन मीटर किंवा नऊ फूट हवी. ट्रकची उंची आधीच साडेतेरा फुटांच्या घरात असते आणि अँटेना आरशापाशी लागते, म्हणून नऊ फुटांची काठी पूल, झाडे आणि पंपाची छपरे यांत टिकत नाही. त्यामुळे बहुतेक ट्रकवर तीन-चार फुटांच्या फायबरग्लासच्या काठ्या असतात. त्यांच्यावर तांब्याची तार गुंडाळून विजेच्या दृष्टीने त्यांची लांबी भरून काढलेली असते. काठी आखूड झाली की थोडी कार्यक्षमता जातेच. ती किंमत सगळेच मोजतात.

फारसे लक्षात न घेतली जाणारी गोष्ट वेगळी आहे. पाव लांबीची काठी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेला अर्धा भाग ट्रकच्या धातूच्या अंगाने पुरवायचा असतो. काठीत वर जाणाऱ्या प्रवाहाला परतीचा धातू लागतो. सत्तरीच्या दशकातल्या ट्रकचे आरसे जाड धातूच्या दांड्यांवर असत, दांड्या धातूच्या दाराला बोल्टने आवळलेल्या असत. परतीचा मार्ग आपसूक मिळे. आताचे ट्रक डिझेल वाचवण्यासाठी वाऱ्याला वाट देणारे घडवतात. बॉनेट फायबरचे, छतावरची टोपी फायबरची, आरशांची खोकी प्लास्टिकची. अँटेनाची पट्टी स्क्रूने घट्ट बसलेली दिसते, पण विजेच्या दृष्टीने ती अधांतरी असते. अशा अँटेनाला परतीचा भाग म्हणून केबलचे बाहेरचे आवरणच उरते. ते आवरण केबिनमधून जात असल्याने केबिनमधला सगळा गोंगाट गोळा करते. म्हणजे एकाच दोषाने संकेत घटतो आणि गोंगाट वाढतो.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचे एक टोक अँटेनाच्या पट्टीला, दुसरे चॅसीच्या उघड्या धातूला लावायचे. रोध एक ओहमहून कमी यायला हवा. जास्त आला तर पट्टीखालचा रंग खरवडायचा, गंज काढायचा, दार आणि केबिन यांच्यामध्ये विणलेली तांब्याची रुंद पट्टी जोडायची. दाराच्या बिजागरीवर विसंबू नये. तिच्यातले वंगण आणि गंज मिळून जोड कधी लागतो, कधी सुटतो, आणि खड्ड्याखड्ड्याला खरखर होते. इथे मल्टिमीटरही एका मर्यादेपर्यंतच खरे सांगतो. चॅसीपर्यंत नऊ फुटांची बारीक वायर ओढली तर मीटर शून्य ओहम दाखवेल, पण २७ मेगाहर्ट्झला ती वायर पाव तरंगलांबीची होते आणि वरच्या टोकाला जवळजवळ उघड्या जोडासारखी वागते. म्हणून जोड रुंद आणि शक्य तितका आखूड हवा. धातू मिळतच नसेल, तर अशा वाहनांसाठी केलेली, परतीचा भाग स्वतःच्या केबलमध्ये धरणारी वेगळी अँटेना मिळते.

आणखी एक लहानशी चीज म्हणजे नायलॉनचे वॉशर. अँटेनाचा खिळा पट्टीच्या भोकातून जातो, तो पट्टीला टेकू नये म्हणून हे वॉशर असते. ते फुटले किंवा अँटेना बदलताना हरवले की अँटेना थेट बॉडीला टेकते आणि आलेला संकेत तिथेच जमिनीत जातो. काही रुपयांच्या, तिथल्या भाषेत काही सेंटच्या या वॉशरपायी शंभर डॉलरचे संच बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

दोन काठ्यांचे कोडे

मोठ्या ट्रकवर दोन्ही आरशांना एकेक अँटेना असते. दोन्हींच्या केबल एका ‘टी’ जोडापाशी एकत्र येतात. दोन काठ्या एका तालात चालल्या की त्यांचा जोर ट्रकच्या पुढे आणि मागे, म्हणजे रस्त्याच्या दिशेने थोडा वाढतो. चालकाला ऐकायचे असते तेही पुढचेच. त्यासाठी दोन काठ्यांत पाव तरंगलांबीचे, नऊ फुटांचे अंतर असावे असे म्हणतात. ट्रकच्या दोन आरशांमधले अंतर त्याच्या जवळपास जाते.

या जोडणीतली केबल साधी नसते. ती ५०ऐवजी ७५ ओहमची असते आणि प्रत्येक फाटा साधारण १८ फुटांचा. केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू, जवळपास दोनतृतीयांश वेगाने जाते. त्या हिशेबाने १८ फूट म्हणजे बरोबर पाऊण तरंगलांबी. पाव किंवा पाऊण तरंगलांबीच्या केबलचा एक गुण असा की ती टोकाला असलेला रोध उलटा करून दाखवते. ५० ओहमची अँटेना टी जोडापाशी सुमारे ११२ ओहमची दिसते. अशा दोन समांतर जोडल्या की ५६, म्हणजे संचाला हव्या असलेल्या ५० ओहमच्या जवळ.

याच गुणातून एक विचित्र दोष निघतो. समजा झाडाच्या फांदीने उजवी काठी बुडातून मोडली. चालक म्हणतो, ‘डावी तर शाबूत आहे, अर्धे तरी ऐकू यायला हवे.’ पण उजव्या फाट्याचे टोक आता उघडे आहे आणि पाऊण तरंगलांबीची केबल उघड्या टोकाला टी जोडापाशी शॉर्टसर्किट करून दाखवते. डावीकडून आलेला संकेत त्या शॉर्टमध्ये बुडतो. एक काठी मोडली की दोन्ही मुक्या होतात. याच्या उलट, उजवीकडचे वॉशर हरवून ती बॉडीला टेकली असेल तर टी जोडापाशी तो फाटा जणू नाहीच असे दिसते आणि डावी बऱ्यापैकी चालत राहते. म्हणून जोड-अँटेनाचा दोष शोधताना काठ्यांच्या दिसण्यावर जाऊ नये. दोन्ही फाटे सुटे करून, खात्रीची ५० ओहमची केबल लावून एकेक काठी स्वतंत्र तपासावी. एकच काठी कायम ठेवायची असेल तर जुनी जोड-केबल काढून टाकावी.

केबल आणि एसडब्ल्यूआर

एसडब्ल्यूआर हे अँटेना आणि केबल यांच्या जुळणीचे माप. संच आणि केबल यांच्यामध्ये मीटर लावून चॅनेल १, २० आणि ४०वर ते पाहतात. १.५च्या आत उत्तम, २पर्यंत चालते, ३च्या वर गेले तर बोलणे थांबवावे, कारण परत येणारी शक्ती संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाळू शकते. चॅनेल ४०वर जास्त आणि १वर कमी असेल तर अँटेना लांब आहे. उलट असेल तर आखूड. सगळीकडेच जास्त असेल तर काठीशी खेळू नये. दोष परतीच्या धातूत किंवा केबलमध्ये आहे.

मात्र ऐकण्याच्या तक्रारीत एसडब्ल्यूआरला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. एसडब्ल्यूआर ३ असताना चौथा हिस्सा शक्ती परत फिरते. ऐकण्याच्या मापात हे नुकसान एक-सव्वा डेसिबलचे, एका एसच्या पाव भागाएवढेही नाही. तेवढ्याने कोणी बहिरा होत नाही. एसडब्ल्यूआर म्हणजे तापाचा आकडा. तो आजार असल्याचे सांगतो, आजार कोणता ते शोधावे लागते.

तो बऱ्याचदा केबलच्या टोकांत सापडतो. दार हजारदा उघडते-मिटते तिथे केबल चेंगरते, आतली तार तुटते किंवा आवरणाला टेकते. टोकाच्या कनेक्टरला दिलेला डाग कच्चा असतो. वरच्या जोडातून पाणी शिरते आणि तांब्याची जाळी काळी पडत आत आत जाते. केबल दोन्हीकडून सोडवून मल्टिमीटरने पाहावे : मधली तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हवी, आवरणही सलग हवे आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नको. हे करताना मीटर लावून केबल हलवत राहावी. उभ्या ट्रकमध्ये चांगली असलेली केबल चालत्या ट्रकमध्ये तुटते. काळी पडलेली जाळी मात्र मीटरला सलगच दिसते, म्हणून टोक सोलून डोळ्यांनीही पाहावे.

घरचाच गोंगाट

वरचे सगळे ठीक असूनही ऐकू येत नसेल, तर गोंगाटाकडे वळावे लागते. आजच्या ट्रकमध्ये सर्वांत मोठे कारण तेच आहे.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे मोटारीतली ठिणग्यांची टकटक इथे नसते. अल्टरनेटरची शीळ असते. ती इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढते-उतरते, म्हणून लगेच ओळखू येते. पण आताचा मुख्य गुन्हेगार मोबाइल चार्जर, एलईडी दिवे, डॅशकॅम, लॅपटॉपसाठीचा इन्व्हर्टर यांच्यात दडलेला असतो. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करण्यासाठी चार्जर विजेचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो. या कापाकापीतून मूळ वारंवारतेच्या पटीतले तुकडे निघतात आणि थेट २७ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात. चांगल्या चार्जरमध्ये ते अडवणारे सुटे भाग असतात. पैसे वाचवताना आधी तेच वगळले जातात. सीबीवरचे बोलणे एएम, म्हणजे लहरीच्या उंचीत साठवलेले असते आणि हा गोंगाटही उंचीतच भर घालतो, म्हणून तो सरळ कानात येतो. २०२१पासून अमेरिकेत सीबीवर एफएमलाही परवानगी मिळाली. एफएमला हा त्रास कमी, पण चॅनेल १९वरची जुनी वहिवाट एएमचीच आहे.

गोंगाट कुठून येतो हे ठरवणारी एक चाचणी आहे. अँटेनाची केबल संचामागून काढायची. खरखर गेली तर ती अँटेनातून येत होती. तशीच राहिली तर ती विजेच्या तारेतून येते. अशा वेळी सिगारेट लायटरच्या खोबणीतली जोडणी सोडून संचाला फ्यूज लावून सरळ बॅटरीवरून वीज द्यावी. (केबल काढलेली असताना माइकचे बटण दाबू नये, संच जळण्याचा धोका असतो.)

अँटेनातून येणाऱ्या गोंगाटाचा शोध जरा चिकाटीचा आहे. त्याचे एक उदाहरण सांगतो. कॅलिफोर्नियाहून आलेले एक पंजाबी चालक दुकानात आले. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मालवाहतुकीत पंजाबी चालकांची संख्या मोठी आहे, आणि आमचे बोलणे हिंदीत सुरू झाले की कामाला वेगळाच वेग येतो. ‘पाजी, दो सेट बदल चुका हूँ,’ ते म्हणाले. आम्ही इंजिन बंद केले, केबिनमधली सगळी उपकरणे काढली. काटा एस १वर आला. दूरचे बोलणे स्वच्छ ऐकू येऊ लागले. मग एकेक वस्तू जोडत गेलो. इंजिन सुरू, एस २. पंखा, फरक नाही. फोनचा चार्जर, फरक नाही. डॅशकॅमची वायर खोबणीत घातली आणि काटा एस ६वर गेला. कॅमेरा ही त्यांच्या मालकाची अट होती, काढता येत नव्हता. त्याची वायर अँटेनाच्या केबलला खेटून, एकाच पट्टीने बांधून वर नेलेली होती. आम्ही ती दुसऱ्या बाजूने नेली, चार्जर चांगल्या प्रतीचा लावला आणि वायरला फेराइटची कडी घातली. फेराइटमधून वायरचे वेढे घेतले की अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. तीन वेढ्यांना नऊपट. काटा एस २वर उतरला. वर दिलेला हिशेब लावला तर चार एसचा हा फरक म्हणजे ऐकण्याचे अंतर चौपट. नवा संच लागला नाही.

संचावर ‘एनबी’ आणि ‘एएनएल’ अशी गोंगाट कापणारी बटणे असतात. ती टकटक करणाऱ्या तुटक गोंगाटावर चांगली चालतात. चार्जरच्या सलग सरसरीपुढे त्यांचे फारसे काही चालत नाही.

दोष सूर्याचा असतो तेव्हा

काही दिवशी सगळे निर्दोष असूनही चॅनेल १९वर शिट्ट्या आणि एकात एक मिसळलेल्या आवाजांचा बाजार भरतो. तीन मैलांवरचा ट्रक ऐकू येत नाही, पण हजार-दीड हजार मैलांवरचा कोणी स्पष्ट बोलताना ऐकू येतो. वातावरणाच्या वरच्या थरांतले विद्युतभारित कण २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत जमिनीकडे वळवतात तेव्हा असे घडते. सूर्यावरच्या डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र शिगेला असते तेव्हा हा प्रकार वाढतो. उन्हाळ्यात आणखी एका थरामुळे अधूनमधून घडतो. दूरच्या दोन संचांच्या मूळ लहरींत किंचित फरक असला की त्या फरकाची शीळ ऐकू येते. सीबी हे जवळच्या बोलण्याचे साधन राहावे म्हणून १५५.३ मैलांपलीकडच्या संचांशी बोलायला नियमाने मनाई होती. लहरींनी तो नियम कधीच पाळला नाही. २०१७मध्ये तो काढून टाकण्यात आला. अशा दिवशी चालकाला मी एवढेच सांगतो की काही उघडू नका, काही बदलू नका. संध्याकाळी किंवा उद्या पुन्हा ऐकून पाहा.

शांततेचे दोन अर्थ

शेवटी एक असा प्रकार राहतो ज्याला दुरुस्ती नाही. चालक सांगतो की पूर्वी या टप्प्यावर बोलणे थांबत नसे, आता तास तास काही येत नाही. संच, केबल, अँटेना, गोंगाट सगळे तपासून झालेले असते आणि सगळे ठीक असते. बोलणारेच कमी झालेले असतात. मार्ग, वाहतूक, पोलीस यांची माहिती फोनवरच्या नकाशात मिळते. नव्या चालकांपैकी कित्येक जण सीबी लावतच नाहीत. म्हणून शांततेचे निदान करताना आधी थांब्यावरच्या दुसऱ्या ट्रकला आवाज द्यावा. ‘रेडिओ चेक’ म्हटले की कोणीतरी उत्तर देतोच. त्याला थोडे थोडे दूर जायला सांगून ऐकावे. बहिरा संच आणि रिकामा चॅनेल यांतला फरक दहा मिनिटांत कळतो.

आपल्याकडे भारतात २००५च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंतच्या, अंगभूत अँटेनाच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. पण आपल्या ट्रकचालकांत सीबीची संस्कृती रुजली नाही. मोबाइल आला आणि धाब्यावर मिळणारी बातमी त्यावर फिरू लागली. घाटातला आपला चालक समोरच्याला दिव्याची उघडझाप करून सावध करतो, तेच काम सीबी चार मैल आधी करतो. मोबाइलच्या नकाशाला लाल रेघ काढण्यासाठी आधी काही वाहने अडकावी लागतात आणि मनोराही आवाक्यात असावा लागतो. वायोमिंगच्या माळावर दोन्हींची खात्री नसते.

म्हणून तपासणीचा क्रम पुन्हा एकदा : बटणे, मग अँटेनाचा पाया आणि परतीचा धातू, मग जोड-केबल, मग केबलची टोके, मग केबिनमधला गोंगाट, मग आकाश, आणि सर्वांत शेवटी संच. हा क्रम खर्चाचाही आहे. पहिल्या चार पायऱ्यांना मल्टिमीटर, पॉलिश पेपर आणि एक सुट्टीची दुपार पुरते. सीबीवर बोलणाऱ्याला आपले कोणी ऐकले की नाही हे बहुधा कळत नाही. तो बोलून पुढे निघून जातो. ते ऐकण्याची सोय नीट ठेवणे हे ज्याच्या त्याच्या हातात असते.